जुनी जोडी परत आली. मी हसतोय, की नुसता बघतोय?

तापीकाठचा

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. डेव्हिड मिचेल आणि रॉबर्ट वेब ही इंग्रज जोडी माहीत असलेले इथे दहा-बारा जण तरी निघतील. ज्यांना नावं माहीत नाहीत त्यांनीही टोपीवर कवटी लावलेल्या दोन जर्मन सैनिकांचं ते मीम पाहिलेलं असतं. एक सैनिक दुसऱ्याला हळूच विचारतो, आपणच तर वाईट बाजूला नाही ना? तेच ते दोघे.

मी भुसावळचा, रेल्वे क्वार्टरात वाढलेला. पुण्याला होस्टेलवर असताना एकाच्या हार्डडिस्कमधून यांची स्केचेस हाती लागली. 'दॅट मिचेल अँड वेब लुक' २००६ ते २०१० बीबीसीवर चाललं, चार सीझन. परीक्षेच्या आदल्या रात्री पाच जण एका लॅपटॉपला चिकटून बघायचो. त्यानंतर पंधरा वर्षं या दोघांनी टीव्हीवर स्केचेस केली नाहीत. 'पीप शो' ही त्यांची मालिका चालू होती ती २०१५ ला संपली, मग 'बॅक' झाली, मिचेल 'लुडविग'मध्ये कोडी सोडवत बसला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चॅनल फोरवर 'मिचेल अँड वेब आर नॉट हेल्पिंग' घेऊन दोघे परत हजर. सहा भाग.

सहाही पाहिले. मोठ्याने हसलो असेन चार-पाच वेळा. पण एकही भाग अर्धवट सोडला नाही. बायको म्हणाली, "हसत तर नाहीयेस, मग बघतोयस कशाला?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा. तुम्हाला काय वाटलं? आणि कुठलीही जुनी जोडी परत आली की आपण नक्की काय बघतो?

शेवभाजी_अनलिमिटेड

पयला नंबर! आता वाचतो.

खवचट खान्देशी

मी तीन भागांनंतर सोडलं. स्पष्ट सांगतो, चाळिशीतला माणूस चिडला की गंमत वाटते, पन्नाशीतला चिडला की बीपीची गोळी आठवते. मिचेलचा सगळा विनोद म्हणजे तावातावाने तर्क लढवणारा माणूस. २००६ मध्ये तो तिशीत होता, तेव्हा तो म्हातारपणाची नक्कल करत होता. आता नक्कल राहिली कुठे?

अमळनेरकरीण

@खवचट, म्हणूनच मला जास्त आवडलं की! तरुणपणी म्हाताऱ्याचं सोंग घेतलं, आता सोंग अंगावर फिट बसलं.

शिवाय यावेळी दोघेच नाहीत. किएल स्मिथ-बायनो, स्टीव्ही मार्टिन अशी तरुण मंडळी सोबत आहेत. जुन्या कार्यक्रमात दुय्यम भूमिका करणारी ऑलिव्हिया कोलमन पुढे २०१९ ला ऑस्कर घेऊन आली हे विसरू नका. यांच्याकडे बाजूला उभं राहणारं माणूससुद्धा लेचंपेचं नसतं.

बांधावरचा

मी रावेर भागातला, केळीवाला. इंग्रजी कामापुरतं येतं. पुतण्याने यांचं ते नंबरवांग दाखवलं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचं विडंबन आहे. दोन स्पर्धक नुसते आकडे बोलतात. चार. सत्तावीस. एकोणीस. आणि मधेच सूत्रधार ओरडतो, "नंबरवांग!" लोक टाळ्या वाजवतात. नियम काय, ते शेवटपर्यंत कोणालाच कळत नाही.

पुतण्या हसून हसून लोळला. मी गप्प. तो म्हणे, काका, कळलं नाही का? म्हटलं, बेटा, सगळं कळलं. बऱ्हाणपूरचा आकडा वेगळा, रावेरचा वेगळा, माल कापायला माणूस बांधावर आला की तिसराच आकडा. मी म्हणतो बाराशे, तो म्हणतो नऊशे, मी म्हणतो हजार, तो म्हणतो साडेआठशे. आणि गाडी भरली की, नंबरवांग.

शेवभाजी_अनलिमिटेड

@बांधावरचा __/\__ 
धागा इथेच संपला. बाकीच्यांनी घरी जा.

डॉ. साबुदाणा

यांच्यावर माझा जुना राग आहे. होमिओपॅथीच्या अपघात विभागाचं जे स्केच आहे, ते मला वर्षाला किमान सहा जण पाठवतात, वर हसण्याचं चित्र. मी धुळ्यात अठरा वर्षं होमिओपॅथीची प्रॅक्टिस करते. यंदा दिवाळीला सख्ख्या भाच्याने पाठवलं.

तरी कबूल करते, ते लिहिलंय नेटकं. अपघातातला रुग्ण स्ट्रेचरवरून आणल्यावर डॉक्टर ज्या गंभीर चेहऱ्याने थेंब मोजतात, तो गंभीरपणाच मारतो. आपल्याकडच्या स्किटमध्ये डॉक्टर आला की तो आधी घसरून पडणार, मग नर्सच्या मागे लागणार.

खवचट खान्देशी

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद दहा वेळा पाण्यात विरळ करून परत टाका, जास्त लागू पडेल. (हलके घ्या.)

डॉ. साबुदाणा

तुम्हाला विरळ केलं तर काहीच उरणार नाही.

शेवभाजी_अनलिमिटेड

पॉपकॉर्न नको, बिबड्या भाजून आणतो.

जुना पिंपळ

आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं, पण जोडी काय असते ते आम्ही पाहिलंय. मुंबई दूरदर्शनवर चिमणराव आणि गुंड्याभाऊ. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. आमच्या गल्लीत टीव्ही एकच, सोनाराकडे. अंगणात सतरंजी. भुरकट चित्र, मधूनच मुंग्या. चिमणराव बोलायचा आणि गुंड्याभाऊ नुसता बघायचा, आणि हशा यायचा तो गुंड्याभाऊच्या बघण्यावर. बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये गेले, पंच्याण्णव वर्षांचे होऊन.

जोडीत एक बोलणारा लागतो आणि एक ऐकणारा. ऐकणाऱ्याचं काम अवघड. हल्ली सगळेच बोलतात.

पारोळा_पॅसेंजर

पिंपळकाका +१. लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ घ्या. १९८५ च्या 'धुमधडाका'पासून पडद्यावर पाहतोय. लक्ष्या २००४ च्या डिसेंबरात गेला. अशोकमामांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप गटात पहिला मेसेज आला तो "लक्ष्या हवा होता". सत्कार एकाचा आणि आठवण दुसऱ्याची. परत यायला दोघेही असावे लागतात, हे आपण गृहीतच धरतो.

अवांतर: माझ्या आयडीवर विनोद करू नये. पारोळ्याला रेल्वे नाही हे मला माहीत आहे.

शेवभाजी_अनलिमिटेड

म्हणजे पॅसेंजर आहे पण पॅसेंजर नाही. नंबरवांग!

अमळनेरकरीण

मराठी टीव्हीवरच्या पुनरागमनाचं कोणी बोलणार की नाही? 'फू बाई फू'चं सगळं गणितच जोड्यांवर उभं होतं. दोघं यायचे, दहा मिनिटांत पाडून जायचे. २०२२ ला ते परत आणलं आणि बघता बघता गुंडाळलं. 'चला हवा येऊ द्या' २०१४ ला सुरू झालं, मार्च २०२४ ला थांबलं, २०२५ च्या जुलैत परत आलं, पण सूत्रसंचालक डॉ. निलेश साबळेशिवाय. आमच्या सासूबाई पहिला भाग बघताना दर पाच मिनिटांनी विचारत होत्या, "तो डॉक्टर कधी येईल?"

'हास्यजत्रे'तून विशाखा सुभेदार बाहेर पडल्या तेव्हा समीर चौघुले तसाच ताकदीचा नट राहिला, पण त्याने टाकलेला चेंडू त्याच वेगाने परत येईना. सवयीची माणसं लागतात.

खवचट खान्देशी

मग तुम्ही विनोद बघत नाही, सवय बघता. माझं म्हणणं तेच. धागाकर्त्याने सहा भाग पाहिले ते हार्डडिस्कसाठी आणि होस्टेलसाठी. रात्री दोनला चहा प्यायला कोणासोबत गेला होता, त्यासाठी.

तापीकाठचा

@खवचट, लागलं. त्या पाचातल्या दोघांशी आता बोलणं नाही. भांडण नाही काही, नुसतं बोलणं नाही.

पण एक सांगतो. यांची स्केचेस आपल्यासारखी रंगमंचावर होत नाहीत. प्रत्येक स्केचला वेगळी जागा, वेगळे कपडे, वेगळा कॅमेरा. चार मिनिटांच्या गमतीसाठी सैनिकांचा खंदक उभा करायचा आणि मग मोडायचा. म्हणून तिकडे स्केचचे कार्यक्रम कमी झाले असं म्हणतात, परवडत नाहीत. आपल्याकडे एक सोफा, एक दार, मागे एलईडी, समोर दोन परीक्षक, झालं.

जुना पिंपळ

सोफासुद्धा लागत नाही. तमाशात बतावणीला काय लागतं? गण झाला, गवळण झाली, की सरदार आणि सोंगाड्या उभे राहतात. सरदार शहाणा, सोंगाड्या वेडा. प्रत्यक्षात उलट. सरदार विचारतो, सोंगाड्या वाकडं उत्तर देतो. सरदाराने हसायचं नाही. सगळी मेख तिथे. तुमचे ते साहेब लोक केंब्रिजमध्ये १९९३ साली भेटले म्हणतात. आमचे सोंगाडे जत्रेत भेटायचे.

गिरणामाई

पिंपळकाकांनी बतावणीचा विषय काढला म्हणून लिहिते. पहिल्यांदाच एवढं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचं गाव भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठावर. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत कंडक्टर होते. त्यांचे मित्र तात्या, शिंपी. गावच्या यात्रेत दरवर्षी ही दोघं बतावणी करायची. अण्णा सरदार, तात्या सोंगाड्या. लिहिलेलं काही नाही. अण्णांच्या तिकिटाच्या पेटीवर खडूने चार शब्द लिहिलेले असायचे, तेवढंच स्क्रिप्ट. आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या यायच्या.

मग बांधावरून वाजलं. दोघांची शेतं लागून. दीड फुटाचा वाद. मोजणी झाली, ती एकाला मान्य, दुसऱ्याला नाही. केस गेली. वीस वर्षं ही दोन माणसं एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून गेली. तात्यांच्या मुलीच्या लग्नाला अण्णा गेले नाहीत, आहेर मात्र आईच्या हाती पाठवला. बतावणी अर्थातच बंद.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात कानबाईच्या रात्री जागरण होतं. रोट झाले, गाणी झाली. पोरांनी काय खोडी केली कोण जाणे, दोघांनाही वेगवेगळं सांगितलं की तुम्हाला बोलावलंय. माईक हातात देऊन समोरासमोर उभं केलं. अण्णांचे दोन्ही गुडघे गेलेले, हातात काठी. तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी. मांडवात एकदम शांतता. माझ्या पोटात गोळा.

अण्णांनी जुन्या पद्धतीने सुरुवात केली, "काय रे सोंगाड्या, एवढे दिवस होतास कुठे?" तात्यांनी उत्तर दिलं, थोडा हशा झाला. दुसरा प्रश्न झाला. तिसऱ्याला अण्णा अडकले. सांगते, पूर्ण कोरे झाले. तोंड उघडं, शब्द नाही. सात-आठ सेकंद असतील, मला तासासारखे वाटले. मी उठून त्यांना धरणार एवढ्यात तात्या माईकमध्ये अगदी हळू म्हणाले:

"सरदार, प्रश्न इसरी ग्यात? बांध मातर बराबर ध्यानमा शे!"

मांडव उसळला. बायका रडत होत्या हसून. अण्णा सरदार ना, त्यांनी हसायचं नसतं, ते ओठ दाबून उभे. काठी थरथरत होती. मग काठी उगारून म्हणाले, "बांध माझाच आहे." आणि तिथून पुढे अर्धा तास दोघांनी बांधावरच बतावणी केली. एक जुनं वाक्य नाही त्यात.

अमळनेरकरीण

अगं बाई. काटा आला. मग समेट झाला का?

गिरणामाई

नाही हो. तारीख पुढच्या महिन्यात आहे.

डॉ. साबुदाणा

याला म्हणतात प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

खवचट खान्देशी

इथे मात्र माझी बोलती बंद. फक्त नोंद म्हणून: हशा बांधाच्या वाक्यावर आला, जुन्या पाठांतरावर नाही. म्हणजे जोडी परत आली की नवीन काही तरी घडायला हवं. नुसती सवय असती तर तुमचे अण्णा तिसऱ्या प्रश्नावर पडले असते.

जुना पिंपळ

@खवचट, आणि ते वाक्य तात्यांनाच सुचलं, दुसऱ्या कोणाला सुचलं असतं का? चाळीस वर्षांची ओळख आणि वीस वर्षांचा अबोला त्याच्या मागे आहे. तू म्हणतोस ते आणि मी म्हणतो ते एकच आहे, पण तू मान्य करणार नाहीस.

खवचट खान्देशी

नाही करणार.

पारोळा_पॅसेंजर

गिरणामाईंच्या प्रतिसादावरून एक दुखणं आठवलं. टीव्हीवर भारत गणेशपुरेंनी वैदर्भी आणली, ओंकार भोजनेने कोकणातलं पोरगं घराघरांत पोचवलं, मालवणी तर कायमची आहेच. अहिराणी कुठे आहे? आली तर एखाद्या गावंढळ नोकराच्या तोंडी दोन वाक्यं, तीही चुकीची. "शे" शेवटी लावलं की झाली अहिराणी असं लेखकांना वाटतं.

बांधावरचा

ती वाट पोरांनी सोडून दिलीय भो. आता सगळं मोबाईलवर. मालेगावचा छोटू दादा बघा, टीव्हीवाल्यांना विचारायला गेला नाही, करोडो लोक बघतात. मालेगावला तर शोलेसुद्धा घरच्या घरी बनला होता.

शेवभाजी_अनलिमिटेड

मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं.

पारोळा_पॅसेंजर

जिल्हा नाशिक असेल, जीभ खान्देशी आहे. बहिणाबाईंच्या अहिराणीचा वारसा...

बांधावरचा

थांबा थांबा! बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही, लेवा गणबोली आहे. असोद्याच्या होत्या त्या. दरवेळी हे सांगावं लागतं.

संपादक मंडळ

बहिणाबाईंच्या बोलीवर तीन धागे आधीच आहेत, त्यातला एक कुलूपबंद आहे. कृपया विषयावर या.

अमळनेरकरीण

विषयावर येते. तापीकाठचे, तुम्ही जुन्या 'लुक'चा शेवट पाहिला होता ना? २०१० चा, शेवटच्या सीझनचा. म्हातारा शेरलॉक होम्स वृद्धाश्रमात, डोकं साथ देत नाही. वॉटसन भेटायला येतो आणि त्याची चुकीची अनुमानंही बरोबर असल्यासारखं वागतो. आधी हसायला येतं. मग एका क्षणाला होम्सला स्वतःलाच कळतं की आपलं धुकं हटत नाहीये. आणि तिथे विनोद संपतो.

स्केचच्या कार्यक्रमाचा शेवट असा करणाऱ्यांनी पंधरा वर्षांनी परत यायचं, म्हणजे धाडस आहे. वेबचं हृदयाचं ऑपरेशनही मधल्या काळात झालं, 'बॅक'च्या दुसऱ्या सीझनच्या आधी तपासणीत सापडलं होतं. नवे भाग बघताना मला तेच डोक्यात. हा माणूस ठीक आहे ना, धाप लागत नाही ना. तुम्ही हसलात कमी, ते कदाचित म्हणून.

डॉ. साबुदाणा

गिरणामाई, अण्णांचं "कोरं होणं" परत झालं का? डॉक्टर म्हणून विचारते. व्यक्तिगत निरोप करा.

गिरणामाई

केलाय ताई.

तापीकाठचा

दोन दिवस धाग्यावर आलो नाही, माफी. भुसावळला घरी आलो होतो. अमळनेरकरीण, तुमच्या प्रतिसादावर बराच वेळ थांबलो.

काल रात्री वडिलांना यांचं स्नूकरच्या समालोचकांचं जुनं स्केच लावून दिलं. वडील रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. इंग्रजी स्टेशनापुरतं. त्या स्केचमध्ये दोन म्हातारे समालोचक खेळ सोडून सगळ्या जगाचं बोलतात. मी भाषांतर करत होतो तर वडिलांनी हाताने गप्प केलं. दोघांच्या मधल्या थांबण्यावर ते हसत होते. संपल्यावर म्हणाले, "आमच्या रनिंग रूमला असेच दोन होते. एक नागपूरकडचा, एक सुरतकडचा. गाडी लेट झाली की यांचं सुरू." मग त्या दोघांच्या गोष्टी साडेबारापर्यंत. स्नूकर काय असतं ते विचारलंच नाही.

आणि हो, होस्टेलच्या त्या दोघांतल्या एकाला नव्या भागाची लिंक पाठवली. सोबत एक शब्द लिहिला नाही. त्याचं उत्तर आलं, "२७."

बांधावरचा

नंबरवांग!!

शेवभाजी_अनलिमिटेड

नंबरवांग! ओरडायचा मान माझा होता.

गिरणामाई

तुमचं वाचून मीही काल तात्यांना ते कवटीच्या टोपीवालं दाखवलं. अण्णांनाही दाखवलं, पण वेगवेगळं, अर्थातच. तात्यांनी एका डोळ्याने बघितलं, मोबाईल लांब धरून. म्हणाले, बरे आहेत दोघं. मग विचारलं, किती वर्षं सोबत आहेत? म्हटलं, तीस तरी झाली. तात्या म्हणाले:

"यास्ले वावर नही शे का?"

पारोळा_पॅसेंजर

दंडवत तात्यांना!

तापीकाठचे, वहिनींना उत्तर मिळालं का? बघतोयस कशाला ते?

तापीकाठचा

ती तिसरा भाग बघतेय. मी तेच सांगायला गेलो तर म्हणाली, मधे बोलू नकोस.